शाळेच्या खात्यातले २५ हजार

माझं माहेर कराडजवळचं. लग्न होऊन झाशीला आले. सासरचं घर जुन्या शहरात, खंडेराव गेटच्या बाजूला. घराणं कित्येक पिढ्यांपासून इथलंच. घरात मराठी, दाराबाहेर बुंदेली आणि हिंदी. २०२० च्या टाळेबंदीत यजमानांचं छपाईचं दुकान बंद पडलं. शहराबाहेर थोड्या अंतरावर सासऱ्यांची जमीन आणि जुनं घर होतं, तिथं राहायला गेलो. मुलाच्या खाजगी शाळेची फी थकली होती. २०२१ मध्ये त्याला गावच्या सरकारी प्राथमिक शाळेत दुसरीत घातलं. पुढच्या वर्षी धाकटी मुलगी तिथंच पहिलीत गेली.

नातेवाइकांना हे सांगताना मला कमीपणा वाटायचा, हे कबूल करते. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले, तरी वाटायचा.

२०२२ पासून मी त्या शाळेच्या समितीत आहे. सरकारचा पैसा शाळेपर्यंत कसा येतो, कुठं अडतो, गावाच्या हातात नेमकं काय असतं आणि काय नसतं, हे तिथं कळलं. ज्यांची मुलं सरकारी शाळेत आहेत त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे. गावाचं आणि शाळेचं नाव देत नाही, कारण तिथं अजून मुलं शिकताहेत.

समिती म्हणजे विद्यालय प्रबंध समिती, आपल्याकडची शाळा व्यवस्थापन समिती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ती प्रत्येक सरकारी शाळेत असायलाच हवी. तीन चतुर्थांश सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या बायका. उत्तर प्रदेशात समिती १५ जणांची. त्यात ११ पालक. उरलेल्या चौघांत पंचायतीचा एक सदस्य, नर्सबाई, लेखपाल म्हणजे आपला तलाठी, आणि सचिव म्हणून मुख्याध्यापक. अध्यक्ष मात्र पालकांमधूनच निवडायचा. मुदत दोन वर्षांची.

२०२२ च्या शेवटी आधीच्या समितीची मुदत संपली. शाळेत पालकांची सभा झाली. आलेल्या बायकांमध्ये सलग वाचता येणारी मीच होते. शेजारच्या जिज्जींनी अध्यक्ष म्हणून माझं नाव सुचवलं, बाकीच्यांनी हात वर केले. मोठ्या मॅडम, म्हणजे मुख्याध्यापिका, मला म्हणाल्या, “बहूजी, फार काही काम नसतं. बैठकीला यायचं आणि सह्या करायच्या.” त्या मनाने चांगल्या होत्या. त्यांना आजवर तेवढंच काम करणारे अध्यक्ष मिळाले होते.

पहिल्या बैठकीत रजिस्टर समोर आलं. मागच्या बैठकांच्या नोंदी जवळजवळ शब्दशः सारख्या होत्या. स्वच्छता, उपस्थिती, पोषण आहार, चर्चा झाली, सर्वसंमती. सदस्यांपैकी दोन बायकांना आपण आधीच्या समितीतही होतो हे माहीतच नव्हतं. त्यांचे अंगठे मात्र रजिस्टरमध्ये होते.

मी मॅडमना विचारलं, शाळेला वर्षाला पैसे किती मिळतात? त्यांनी लगेच सांगितलं. समग्र शिक्षा योजनेतून ‘कंपोजिट ग्रांट’ येते. पट ३० पर्यंत असेल तर १० हजार, त्यापुढे १०० पर्यंत २५ हजार, १०० ते २५० पर्यंत ५० हजार. आमचा पट ऐंशीच्या वर, म्हणजे २५ हजार. त्यातले निदान १० टक्के स्वच्छतेवर घालायचे. उरलेल्यात खडू, रजिस्टरं, झाडू, रंगरंगोटी, विजेचं बिल, नळदुरुस्ती, फळ्याला रंग, पुस्तकांचं कपाट, सगळं. केंद्र आणि राज्य यांचा वाटा ६०-४० चा.

या आकड्याशेजारी दुसरा आकडा ठेवा. सहायक अध्यापकाचा मूळ पगारच ३५,४०० पासून सुरू होतो, त्यावर महागाई भत्ता. म्हणजे एका शिक्षकाचा एका महिन्याचा पगार शाळेच्या वर्षभराच्या ग्रांटपेक्षा जास्त. सरकार शाळेवर कमी खर्च करतं असं म्हणता येणार नाही. पण खर्चाचा मोठा भाग पगाराचा, आणि त्यावर गावाचा काहीच हात नाही. गावाच्या हातात आहेत ते हे २५ हजार. त्यांचंही काय होतं ते पुढच्याच मार्चमध्ये पाहिलं.

२०२१ नंतर शाळेच्या खात्यात प्रत्यक्ष रक्कम राहत नाही. खातं शून्य शिलकीचं. वरून खर्चाची ‘लिमिट’ येते. मग पोर्टलवर पेमेंटचा कागद काढायचा, त्यावर अध्यक्ष आणि मुख्याध्यापक दोघांच्या सह्या, तो बँकेत द्यायचा, आणि पैसे थेट दुकानदाराच्या खात्यात. पद्धत मला चांगली वाटली. रोख रक्कम कुणाच्या हाती लागत नाही. अडचण वेळेची आहे. ३१ मार्चला न वापरलेली लिमिट परत जाते, आणि आमची उरलेली लिमिट मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आली. वर्षभर मॅडमनी खडू-झाडूचा खर्च पदरचा केला होता. हापशाची दुरुस्ती उधारीवर झाली होती. मिस्त्रीचं नाव पोर्टलवर नोंदलेलं नव्हतं. घाईने नोंदवताना खाते क्रमांकात एक आकडा चुकला आणि पेमेंट परत आलं. पुन्हा नोंद करेपर्यंत पोर्टल चालेना. १ एप्रिलला लिमिट शून्य. मिस्त्री माझ्या दारात उभा राहिला. यजमानांनी त्याला निम्मे पैसे दिले. त्या रात्री मला झोप लागली नाही. मॅडम दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाल्या, “दर वर्षी असंच होतं.”

त्यानंतर आम्ही कामाची रीत बदलली. हा भाग नीट वाचा, कुठंही लागू पडेल.

जुलैच्या बैठकीतच वर्षाची यादी ठरवली, गरजेच्या क्रमाने. काय घ्यायचं, कुणाकडून, अंदाजे किती रुपयांत. तसा ठराव रजिस्टरमध्ये लिहून सर्वांच्या सह्या घेतल्या. पोर्टलवर आधीपासून नोंद असलेले आणि पक्कं बिल देणारे दुकानदारच निवडले. त्यांचं पासबुक आणि खाते क्रमांक मॅडमनी आणि मी तपासून फाइलमध्ये ठेवले. हापशाच्या मिस्त्रीची नोंद ऑगस्टमध्येच करून घेतली. त्या वर्षीही लिमिट उशिराच आली, पण आली तेव्हा कागद तयार होते. दोन दिवसांत सगळी पेमेंटं गेली आणि एक रुपया परत गेला नाही. हिशेब भिंतीवर रंगवून घेतला: किती आले, कशावर गेले. त्यानंतर गावात कुजबुज थांबली. पूर्वी लोकांना वाटायचं, मॅडम पैसे खातात. मॅडमना याचा किती त्रास होत होता ते मला तेव्हा समजलं. भिंत रंगवून झाली त्या दिवशी त्या बराच वेळ तिथं उभ्या होत्या.

दुसरा प्रश्न मुलींच्या शौचालयाचा. बांधलेलं होतं, पण पाणी नव्हतं, म्हणून कुलूप. चौथी-पाचवीच्या मुली दुपारी घरी जायच्या आणि परत यायच्या नाहीत. २५ हजारांत टाकी, मोटर आणि पाइप बसत नव्हतं. हा पैसा पंचायतीकडून यायला हवा होता. उत्तर प्रदेशात २०१८ पासून ‘ऑपरेशन कायाकल्प’ चालू आहे. शाळेतलं पाणी, शौचालय, फरशी, फळा, स्वयंपाकघर, वीज, कुंपण अशा ठरलेल्या सोयी ग्रामपंचायतीने तिला मिळणाऱ्या वित्त आयोगाच्या वगैरे निधीतून करायच्या. आमच्या पंचायतीने आधी दर्शनी भिंत रंगवून घेतली होती आणि दोन वर्गांत फरशी घातली होती. रस्त्यावरून दिसतं ते झालं होतं.

प्रधानजींना, म्हणजे इथल्या सरपंचांना, तोंडी सांगून झालं. ते नाही म्हणायचे नाहीत आणि कामही व्हायचं नाही. मग पंचायतीच्या सचिवाने एक गोष्ट सांगितली. पंचायतीच्या वार्षिक आराखड्यात जे लिहिलं जात नाही त्याला पैसे देता येत नाहीत. आराखड्याच्या ग्रामसभा २ ऑक्टोबरपासून होतात. तिथं अर्ज द्या आणि पोच घ्या. आम्ही समितीचा ठराव जोडून अर्ज दिला. सभेला एरवी बायका जात नाहीत. त्या दिवशी समितीतल्या सगळ्या बायका गेल्या, डोक्यावर पदर घेऊन मागच्या बाजूला बसल्या. माझे हात थरथरत होते. अर्ज वाचून दाखवला. एका आजींनी मोठ्याने विचारलं, “मोडी कां जैहै?” म्हणजे मुलीने जायचं कुठं? कुणी काही बोललं नाही. काम आराखड्यात आलं. पुढच्या उन्हाळ्यात टाकी बसली. कुलूप निघालं आणि मोठ्या मुली दुपारनंतर वर्गात दिसू लागल्या.

गावाच्या हातात अधिकार असले की काय होतं, याच्या दोन्ही बाजू मी इथं पाहिल्या. निर्णय गावात होतो म्हणून तो आपोआप मुलांच्या बाजूचा होत नाही. प्रधान पाच वर्षांनी मतं मागतो, आणि मतं रस्त्याला आणि नाल्याला मिळतात. पण तोच निर्णय दूरच्या शहरात होत असता तर आजींना तो प्रश्न विचारायला जागाच नव्हती.

तिसरा प्रश्न शिक्षकांचा, आणि तिथं आम्ही हरलो. कायद्याने प्राथमिक शाळेत ६१ ते ९० मुलांना तीन शिक्षक हवेत. कागदावर आमच्याकडे मुख्याध्यापिका, एक सहायक अध्यापक आणि एक शिक्षामित्र, म्हणजे मानधनावरची शिक्षिका, असे तिघे होते. सहायक अध्यापक मतदार याद्यांच्या कामावर महिनोन्‌महिने बाहेर. मॅडम पोर्टलवर माहिती भरण्यात आणि बैठकांत. पाच वर्ग उरले शिक्षामित्र ताईंवर. त्यांचं मानधन तेव्हा महिन्याला १० हजार, तेही वर्षाला ११ महिने. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षामित्रांचं सहायक अध्यापक म्हणून झालेलं समायोजन रद्द केलं, तेव्हा त्यांचाही पगार गेला होता. तरी वर्ग त्याच सांभाळत होत्या.

समितीने ठराव केला, अर्ज पाठवले. पोच मिळाली, शिक्षक मिळाला नाही. शिक्षकाची नेमणूक, बदली, रजा यांतलं काहीही समितीच्या हातात नाही. गावातले निवृत्त मास्साब यावर वेगळंच सांगतात. १९७२ च्या बेसिक शिक्षा अधिनियमाआधी उत्तर प्रदेशातल्या प्राथमिक शाळा जिल्हा परिषदा आणि नगरपालिकांकडे होत्या. तेव्हा पगार थकायचे, आणि नेमणुकीसाठी पुढाऱ्यांच्या दारी जावं लागायचं. शाळा राज्याच्या परिषदेकडे गेल्या आणि शिक्षकांना पगाराची खात्री आली. महाराष्ट्रात उलट, १९६२ पासून प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांकडे आहेत. माझ्या माहेरी गुरुजी आले नाहीत तर आजोबा थेट जिल्हा परिषदेच्या सदस्याला जाब विचारायचे. इथं तसा जाब विचारायला जवळ कुणीच नाही. मास्साबांचं म्हणणंही मला खोटं वाटत नाही. पगार राज्याने वेळेवर द्यावा आणि हजेरीबद्दल गावाने विचारलं तर त्याची दखल घेतली जावी, एवढी वाटणी झाली तर दोन्ही जमेल असं माझं मत आहे.

टाकी बसली, हिशेब भिंतीवर आला, तेव्हा मला वाटलं होतं की शाळा सुधारली. मग एका बैठकीनंतर मी तिसरीच्या मुलांना जवळ बसवून दुसरीच्या पुस्तकातलं एक पान वाचायला दिलं. चार-पाच जणांनाच ते सलग वाचता आलं. बाकीची मुलं अक्षरांवर अडकत होती. माझी मुलगी त्यांच्यातच होती. घरी मी तिचा अभ्यास मराठीत घेत होते, ती चटचट उत्तरं द्यायची, म्हणून माझ्या लक्षात आलं नव्हतं. मला रडू आलं.

हे आमच्याच गावाचं नव्हतं. ‘असर’ या शिक्षणाच्या ग्रामीण पाहणीत उत्तर प्रदेशातल्या सरकारी शाळांत तिसरीतली दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुलं २०१८ मध्ये १२.३ टक्के होती. २०२४ मध्ये ती २७.९ टक्के झाली. मधल्या काळात २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ सुरू झालं आणि वाचनाची ठरलेली लक्ष्यं वर्गापर्यंत आली. सुधारणा मोठी आहे. तरी १०० पैकी ७२ मुलं अजून मागे आहेत.

याच राज्यातल्या जौनपूर जिल्ह्यातला एक अभ्यास नंतर माझ्या वाचनात आला. २००५-०६ मध्ये अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘प्रथम’ या संस्थेबरोबर २८० गावांत तो केला. काही गावांत लोकांना गाव शिक्षण समितीचे अधिकार समजावून सांगितले. काही गावांत त्याबरोबर गावातल्या तरुणांना मुलांना वाचायला शिकवण्याचं प्रशिक्षणही दिलं. नुसती अधिकारांची माहिती दिल्याने समित्या हलल्या नाहीत, शाळाही बदलल्या नाहीत. तरुणांच्या वाचनवर्गाला जी मुलं गेली त्यांचं वाचन मात्र सुधारलं. हे वाचून मला धीर आला, कारण आम्ही तोवर तेच करायला लागलो होतो.

गावातल्या बारावी झालेल्या दोन मुली संध्याकाळी देवळाच्या चौथऱ्यावर मुलांना घेऊन बसायच्या. वाचता न येणारी मुलं इयत्ता न बघता एकत्र. आधी अक्षरं, मग शब्द, मग छोट्या गोष्टी. शाळेत गोष्टीची पुस्तकं होती, पण ती फाटतील म्हणून कपाटात बंद असायची. समितीने ठराव केला की पुस्तकं बाहेर काढायची, फाटली तर जबाबदारी समितीची. मॅडमना तो ठराव हवाच होता, कारण तपासणीत प्रश्न त्यांना विचारले जातात. शिकवणाऱ्या त्या दोन मुलींना देण्यासाठी ग्रांटमधून पैसे काढता येत नव्हते. आम्ही घराघरातून थोडे थोडे जमवले, जमेना तेव्हा धान्य दिलं. महिन्याच्या पहिल्या बुधवारी समितीची बैठक असते. त्यात एक काम कायमचं घातलं: पाच मुलांना बोलावून वाचायला लावायचं आणि कोण कुठवर आलं ते रजिस्टरमध्ये लिहायचं. ज्या बायकांना स्वतःला वाचता येत नाही त्यांनाही मूल अडखळतंय की सरळ वाचतंय हे ऐकू येतं.

वर्षाच्या शेवटी तिसरीतली निम्म्याहून जास्त मुलं वाचत होती. ज्यांचे आईबाप दिवाळीनंतर दिल्लीला किंवा वीटभट्टीवर जातात ती मुलं मागे राहिली. त्यांच्यातल्या काहींना आजी-आजोबांजवळ ठेवून घेता आलं, सगळ्यांना नाही.

गणवेशाच्या पैशाचंही सांगते. उत्तर प्रदेशात गणवेश, स्वेटर, बूट, दप्तर आणि वह्या-पेन्सिलींसाठी मुलामागे १,२०० रुपये पालकांच्या खात्यात येतात. खात्याला आधार जोडलेलं नसेल तर येत नाहीत. झाशीची थंडी कडक असते, आणि जानेवारीत काही मुलं स्वेटरशिवाय यायची. कुणाचे अडकलेत याची यादी केली आणि त्या आयांना बरोबर घेऊन बँकेत गेलो. हे काम जूनमध्येच करा, डिसेंबरमध्ये उपयोग होत नाही.

२०२५ च्या जूनमध्ये राज्य सरकारचा आदेश आला, कमी पटाच्या शाळा जवळच्या शाळेला जोडायचा. पलीकडच्या वस्तीतली शाळा आमच्या शाळेला जोडली गेली. ना त्यांच्या समितीला कुणी विचारलं, ना आमच्या. त्या वस्तीतून यायला लहान मुलांना मोठा रस्ता ओलांडावा लागतो. पहिल्या आठवड्यात आले ते मोठे मुलगे. पहिली-दुसरीतली मुलं आणि बऱ्याच मुली घरीच राहिल्या. दोन्ही समित्यांनी मिळून ठराव केला, अंतर मोजून लिहिलं, मुलांची नावं जोडली आणि अर्ज दिला. जुलैअखेर शिक्षणमंत्र्यांनी जाहीर केलं की एक किलोमीटरपेक्षा दूरच्या शाळा जोडल्या जाणार नाहीत. ती शाळा त्याहून दूर होती, म्हणून परत सुरू झाली. तोवर काही पालकांनी कर्ज काढून मुलं खाजगीत घातली होती, ती परतली नाहीत. महाराष्ट्रातही २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळेचा विचार निघाला होता. म्हणून हे तिकडच्या पालकांनीही लक्षात ठेवावं. अंतर आणि वाटेतला धोका समितीच्या ठरावात आधीपासून लिहिलेला असला तर बोलायला आधार मिळतो.

आता माझं मत. पैसा लागतोच. टाकीशिवाय मुली शाळेत टिकल्या नसत्या. तो पैसा जूनमध्ये आला तर तेवढ्याच रकमेत मार्चपेक्षा जास्त काम होतं, आणि याला सरकारला एक रुपयाही जास्त लागत नाही. गावाला अधिकार द्यायचे तर हिशेबाबरोबर शिक्षकाच्या हजेरीची दखल घ्यायला लावण्याचेही द्यावेत. आणि हे सगळं मिळालं तरी मुलाजवळ रोज बसून वाचून घेणारं माणूस हवंच. ते वर्गात असावं ही सरकारची जबाबदारी आहे. ते येईपर्यंत गावाने थांबू नये.

तुमच्या मुलाच्या शाळेत समितीची पुढची बैठक कधी आहे ते विचारा आणि जा. वर्षाला किती पैसे मिळतात, गेल्या वर्षी किती परत गेले, शिक्षक किती मंजूर आहेत आणि रोज वर्गात किती असतात, हे विचारा. मग तिसरीच्या एका मुलाला जवळ बोलावून एक पान वाचायला द्या. ते रजिस्टरमध्ये लिहून घ्या आणि पुढच्या महिन्यात त्याच मुलाला पुन्हा वाचायला लावा.